तेंगो, तिएनेस आणि केबिनवाला

शेठसमोर उभा राहून, दहा माणसांच्या देखत, मला स्पॅनिश येतं असं मी सांगितलं. मला स्पॅनिश येत नव्हतं. थोडंसंही नाही, मोडकंतोडकंही नाही. स्पेनमधली माणसं आपसात काय बोलत असतील हा विचार त्या सकाळपर्यंत माझ्या डोक्यात कधी आलाच नव्हता.

असं का केलं, तर सूड. दुसरं कारण नाही.

नव्वदीच्या सुरुवातीची वर्षं होती. भाईंदर पूर्वेला, जेसल पार्कातल्या आमच्या खोलीपासून चालत वीस मिनिटांवर, स्टीलच्या भांड्यांचा एक कारखाना होता आणि मी तिथे पॅकिंग क्लार्क होतो. डब्याला पोचा आलाय का बघायचं, तो कागदात गुंडाळायचा, खोक्यात भरायचा, खोक्यावर स्टेन्सिल मारायची. माझं टेबल पॉलिशच्या मशीनींना लागून. संध्याकाळी नाक शिंकरलं की रुमाल काळा व्हायचा. समोर काचेची केबिन होती आणि तिच्यात, गार हवेत, पांढरा शर्ट संध्याकाळपर्यंत पांढराच ठेवून तो बसायचा.

त्याचं नाव मला आठवतं, पण लिहिणार नाही. छापून आलं तर दहा प्रती विकत घेईल. आपण त्याला केबिनवाला म्हणू. मीरा रोडला राहायचा, इंग्रजी शाळेत शिकलेला, परदेशी गिऱ्हाइकांची सगळी पत्रं तोच लिहायचा. एकदा तो आठवडाभर रजेवर गेला आणि शेठने एक पत्र माझ्याकडून लिहून घेतलं. मालाची यादी पाठवायची होती. सोबतची यादी आपल्या नजरेखालून काढावी, एवढंच मला म्हणायचं होतं. मी ते मराठीतून जसंच्या तसं उचललं आणि इंग्रजीत ठेवलं. प्लीज रिमूव्ह द लिस्ट फ्रॉम अंडर युअर आइज.

त्याने परत आल्यावर मला केबिनमध्ये बोलावून दोन शिव्या घातल्या असत्या तर मी आजवर विसरलो असतो. त्याने ते पत्र जपून ठेवलं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे मशीनींची पूजा असायची. पॉलिशवाले कामगार वर्षातून त्या एकाच दिवशी धुतलेल्या तोंडाने कारखान्यात यायचे, त्यामुळे निम्मे जण ओळखू यायचे नाहीत. मशीनींना झेंडूच्या माळा, बायकापोरं आलेली, माझी बायकोही आलेली. आरती झाली, आणि प्रसाद वाटून होताच त्याने खिशातून तो कागद काढला. वाचून दाखवला. मग ज्यांना इंग्रजी येत नव्हतं त्यांच्यासाठी मराठीत आणि हिंदीत समजावून सांगितला. शेवटी डोळ्याखालची कातडी बोटाने खाली ओढून, तिथून यादी काढल्याचा अभिनय केला. माझी बायको हसली नाही. तिने हातातल्या पेढ्याकडे बघितलं. ते मला जास्त लागलं.

पुढे मी कुणालाही कागद दिला की समोरचा आधी डोळ्याखालची कातडी ओढायचा. कॅन्टीनचा चहावालासुद्धा.

तर दसऱ्यानंतर काही दिवसांनी शेठने सगळ्यांना गोळा केलं. स्पेनचा एक मोठा बायर दोन महिन्यांनी कारखाना बघायला येणार होता. शेठ सहज, गंमत म्हणून म्हणाला, किसी को स्पॅनिश आता है क्या? केबिनवाला हसला. म्हणाला, शेठ, इथे इंग्रजीचेच वांधे आहेत. आणि माझ्याकडे बघून त्याने बोट डोळ्याखाली नेलं.

माझा हात वर गेला. मी नेला नाही, तो गेला.

"तेरे को आता है?" शेठ म्हणाला.

"आता है," मी म्हणालो.

शेठ हिशेबी माणूस. बायरशी तू बोल, म्हणाला. नीट झालं तर केबिनमधली दुसरी खुर्ची तुझी. खोटं निघालं तर उद्यापासून पॉलिशला. दुसरी खुर्ची म्हणजे केबिनवाल्याच्या शेजारची. तिच्यावर बसून मी काय काय करीन याची यादी त्याच दुपारी स्टेन्सिल मारता मारता माझ्या डोक्यात तयार झाली. तो फोनवर बोलत असताना मी स्पॅनिशमध्ये खोकीन, इथपर्यंत गेली होती.

घरी बायको कणीक मळत होती. मी सांगितलं. तिने विचारलं, "आणि येतं का?" मी नाही म्हटलं. तिने हात धुतले. मग म्हणाली की आपल्याकडे उत्तनजवळच्या डोंगरीहून जी मासेवाली येते, तिचा सासरा आयुष्यभर जहाजावर भंडारी, म्हणजे स्वयंपाकी होता. तो कधी कधी घरात परदेशी बोलतो म्हणून ती कंटाळलेली असते. तो कुठल्या देशाचं बोलतो कुणास ठाऊक, पण विचारून बघते.

तो स्पेनचंच बोलायचा. याला मी नशीब समजलो.

पुढचे सगळे रविवार मी स्टेशन ओलांडून पश्चिमेला जायचो आणि उत्तनच्या बाजूची बस पकडून डोंगरीला उतरायचो. काका सत्तरीचे, लुकडे, दारापुढच्या फळीवर बसून मासे साफ करणारे. स्पेनच्या बंदरांत त्यांची वीसेक वर्षं गेली होती. वाचता येत नव्हतं, मराठीही नाही नि स्पॅनिशही नाही. फी घेणार नाही म्हणाले. पण त्यांची बोटं आता आखडली होती आणि रविवारी घरात पंधरा माणसं जेवायची, तर कांदा मी कापायचा.

पहिल्या दिवशी त्यांनी माझ्या हातात एक सुका बोंबील ठेवला आणि म्हणाले, के तिएनेस? मी त्यांच्याकडे बघत राहिलो. त्यांनी माझा हात हलवला, बोंबील हलला. "तुज्याकडं काय हाय? ते इचारतोय मी." मग स्वतःच उत्तर दिलं. तेंगो म्हणजे माझ्याकडे आहे. तेंगो, आणि पुढे हातात जे असेल ते. बोंबील काढून सुरी दिली, सुरी काढून कांदा दिला. प्रत्येक वेळी तेच विचारायचं, प्रत्येक वेळी मी तेंगो म्हणायचं. बाकीचं स्पॅनिश नंतर, म्हणाले. या एका क्रियापदावर काका बंदरात उतरून जेवून, भांडून, मैत्री करून परत यायचे. तेनेर. असणं, बाळगणं, जवळ ठेवणं.

घरी येताना बसमध्ये मला जाणवलं की आपल्याकडे हे क्रियापदच नाही. आपण माझ्याकडे छत्री आहे म्हणतो, म्हणजे असते ती छत्री, आपण नुसते बाजूला उभे. मला भूक लागली म्हणतो, म्हणजे भूक कुठून तरी येऊन लागते, आपला काही दोष नाही. ती माणसं मात्र सगळं स्वतःच्या हातात धरतात. काका सांगायचे, त्यांची भूकसुद्धा त्यांच्याकडे असते. तेंगो आंब्रे. थंडी वाजत नाही, थंडी असते त्यांच्याकडे. वयसुद्धा. तीस वर्षं झाली म्हणत नाहीत, माझ्याकडे तीस वर्षं आहेत म्हणतात. भीतीही तशीच. तेंगो मिएदो. माझ्याकडे भीती आहे.

हे शेवटचं मी लगेच उचललं. कुणाबद्दल वापरायचं ते ठरलेलंच होतं. तिएने मिएदो. त्याच्याकडे भीती आहे, तो घाबरलाय. मनात चित्र तयार होतं. मी आणि बायर घडाघडा बोलतोय, केबिनवाला कोपऱ्यात गप्प उभा आहे, बायर विचारतोय याला काय झालं, आणि मी खांदे उडवून म्हणतोय, तिएने मिएदो. मग बायर हसतो, शेठ हसतो, पॉलिशवाले काळ्या तोंडातून पांढरे दात दाखवून हसतात. माझी बायको त्या चित्रात का होती माहीत नाही, पण तीही हसत होती.

काकांना मी हे वाक्य पुन्हा पुन्हा म्हणून दाखवायला लागलो तेव्हा त्यांनी विचारलं, कोण घाबरलाय? मी सगळं सांगितलं. दसरा, पेढा, डोळ्याखालची कातडी. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले की त्याचं त्याच्याकडे राहू दे, तुझ्या हातात काय आहे ते सांग. माझ्या हातात कांदा होता. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते कांद्याचं.

काकांच्या पद्धतीवर राहिलो असतो तर पुढचं टळलं असतं. पण माझा बोंबलावर विश्वास नव्हता. शिकायचं म्हणजे पुस्तक पाहिजे, तक्ता पाहिजे, पाठांतर पाहिजे. फुटपाथवर एक कव्हर फाटलेलं स्पॅनिशचं पुस्तक मिळालं, त्यात तेनेर पूर्ण चालवून दिलेलं होतं. मी तेंगो, तू तिएनेस, तो तिएने. आम्ही तेनेमोस, तुम्ही तेनेइस, ते तिएनेन. आदराने बोलताना समोरच्यालाही तिएने, तिएनेनच म्हणावं, अशी खाली टीप. वेडंवाकडं क्रियापद. मूळ तेन, पण 'मी' आला की मध्येच ग घुसतो. तू आणि तो आले की शब्द ताणला जातो. आम्ही आणि तुम्ही आले की पुन्हा सरळ. जणू घरात एकेकट्याचे नखरे, चारचौघांत शहाणे. त्याच्याखाली भूतकाळ, त्याच्याखाली भविष्यकाळ. सगळे मिळून अठरा.

रत्नागिरीकडच्या आमच्या शाळेत संस्कृतचे सर क्रियापदं चालवून घ्यायचे. पाय जुळवून, हात मागे बांधून, नजर वर, एका चालीत. मध्ये अडलं की छडी, आणि पुन्हा पहिल्यापासून. मधलंच एखादं रूप सुटं विचारायची पद्धत नव्हती. मला दुसरी कुठली रीत ठाऊकच नव्हती, त्यामुळे मी तेनेरला सरांची चाल लावली. रोज सकाळी आंघोळीनंतर, उघड्या अंगाने, खिडकीत उभा राहून अठराच्या अठरा. पहिली सहा संथ, दुसरी सहा चढत, शेवटची सहा वरच्या पट्टीत. पंधरा दिवसांनी खालच्या मजल्यावरच्या गुजराती भाभींनी माझ्या बायकोला विचारलं की हे कुठल्या देवीचं आहे, गुण येतो का? बायकोने सांगितलं की अजून बघायचंय.

बायर आला. वयस्कर, उंच, भाईंदरच्या उकाड्याने लालबुंद झालेला, हातात सतत रुमाल. मी लग्नातला कोट घातला होता. शोरूममध्ये शेठ, केबिनवाला, सुपरवायझर, आणि दारात गर्दी करून पॉलिशवाले. केबिनवाल्याने इंग्रजीत सुरुवात केली, बायर अडखळत अडखळत त्याला उत्तरं देत होता. मग शेठने मला पुढे ढकललं आणि याला तुमची भाषा येते असं केबिनवाल्याला सांगायला लावलं. बायरचा चेहरा असा उजळला की मला त्याची दया आली. त्याने मसाल्याचा डबा उचलला, आतल्या सात वाट्यांवरून बोट फिरवलं आणि एक लांबलचक वाक्य म्हणाला. त्यातलं मला एकच कळलं, तिएनेन. तुमच्याकडे आहे का? काय, ते नाही कळलं. पण उत्तर मला माहीत होतं. आमच्याकडे आहे. आमच्याकडे म्हणजे...

आमच्याकडे चौथं होतं. चौथ्यापर्यंत पोचायला पहिल्यापासून निघावं लागतं.

मी मनातल्या मनातच सुरू केलं होतं. पण सरांची चाल मनात मावणारी नव्हती. पाय आपोआप जुळले, हात मागे गेले, नजर पंख्याकडे लागली आणि माझ्याच कानांवर माझा आवाज आला. तेंगो, तिएनेस, तिएने. तेनेमोस आलं तेव्हा थांबायला हवं होतं, हे मला त्याही क्षणी कळत होतं. थांबलो तर छडी. मी पुढे गेलो. तिएनेन झालं आणि भूतकाळ लागला. तुवे, तुविस्ते, तुवो. आवाज चढला.

तेवढ्यात शेठने चपला काढल्या.

मी डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं. शेठ हात जोडून, डोळे मिटून उभा. त्याचं बघून सुपरवायझरने हात जोडले. दारातल्या पॉलिशवाल्यांनी जोडले, कुणीतरी मागे जाऊन मशीन बंद केली. स्पेनहून आलेला तो माणूस क्षणभर सगळ्यांकडे बघत राहिला आणि मग डबा छातीशी धरून, मान खाली घालून तोही सरळ उभा राहिला. त्याच्याच भाषेतल्या एका क्रियापदाची अठरा रूपं तो बिचारा श्रद्धेने ऐकत होता. तेंद्रे, तेंद्रास, तेंद्रा. भविष्यकाळ मी वरच्या पट्टीत घेतला. आमच्याकडे असेल, तुमच्याकडे असेल, त्यांच्याकडे असेल. संपलं. शेठ वाकून नमस्कार करून म्हणाला, वाह.

माझ्या कोटाची पाठ भिजली होती. बायर जवळ आला. खांद्यावर हात ठेवून, इतरांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाला, "तिएने मिएदो?"

दोन महिन्यांच्या शिक्षणात अख्खं समजलेलं ते माझं पहिलं वाक्य. जे केबिनवाल्यासाठी रोज घासूनपुसून ठेवलं होतं, तेच माझ्यासमोर आलं होतं. मी त्याला खरं उत्तर दिलं. "तेंगो," म्हणालो. त्याने मान हलवली आणि आपला रुमाल मला दिला.

शेठने विचारलं, "क्या बोला?"

मी सांगितलं, बोला बहुत अच्छा है.

मग मी केबिनवाल्याकडे बघितलं. त्याला सगळं समजलं होतं. स्पॅनिश नाही, पण मी समजलो होतो. तो हसेल म्हणून मी वाट बघत होतो. तो हसला नाही. बायरकडे वळला आणि सावकाश, स्वच्छ इंग्रजीत म्हणाला की पाहुणा आला की आमच्याकडे असं स्वागत करतात. मग मसाल्याचा डबा हातात घेऊन विचारलं की मोठा साइझ हवाय का. बायरला तेवढंच हवं होतं. पाच मिनिटांत काम झालं.

बायको अजूनही म्हणते की त्या माणसाने तुम्हाला पॉलिशमधून वाचवलं. मला हे मान्य नाही. कारण बायरची गाडी गेल्यावर तो माझ्यादेखत शेठला काय म्हणाला, ते तिने ऐकलेलं नाही. म्हणाला, शेठ, हे फार छान झालं. यापुढे प्रत्येक बायरला करू या. कोट नको, कुर्ता पाहिजे.

शेठला पटलं. मी पॉलिशला गेलो नाही आणि केबिनमध्येही गेलो नाही. त्या दुसऱ्या खुर्चीवर केबिनवाला आपली बॅग ठेवायला लागला. रोज सकाळी काचेतून मला दिसेल अशी ठेवायचा. आणि जो कोणी परदेशी येईल त्याच्यासमोर मी कुर्ता घालून अठरा रूपं म्हणायचो. दोन जर्मन येऊन गेले. दुबईचा एक व्यापारी आला, त्याने टेप करून नेलं. दर वेळी शेठ चपला काढायचा आणि दर वेळी केबिनवाला पहिल्या रांगेत, सगळ्यात भक्तिभावाने हात जोडायचा. मी काय करणार? दिवाळीला स्टाफला स्टीलचा डबा मिळायचा, त्यातला सगळ्यात जास्त पोचे आलेला मी खोकीच्या खोकी धुंडाळून काढला आणि त्याच्या पिशवीत घातला. एवढ्याने काय होतंय.

शरमेने मी डोंगरीला जाणं सोडलं होतं. दुबईवाल्यानंतर मात्र एक कल्पना सुचली आणि तिच्या आनंदात मी पुढच्याच रविवारी बस पकडली. काका तसेच फळीवर बसलेले. सुरमई साफ करत होते. त्यांनी कांद्यांची टोपली माझ्याकडे सरकवली. कापता कापता मी झालेलं सगळं सांगितलं, आणि मग बेत सांगितला. जहाजावर शिव्या खूप असतील. त्यातली सगळ्यात जहाल, आईबापांपर्यंत पोचणारी, सात-आठ शब्दांची मला शिकवा. मी ती भूतकाळ आणि भविष्यकाळाच्या मध्ये बसवणार, त्याच चालीत. शेठ चपला काढून उभा असेल आणि केबिनवाला हात जोडून, डोळे मिटून, आपल्यालाच घातलेली शिवी ऐकत असेल. जन्मभर.

काकांनी सुरी थांबवली. म्हणाले, त्याला कळेल?

नाही, मी म्हटलं, तीच तर मजा.

शेठला?

नाही.

मग कुणाला?

मला, मी म्हटलं.

काकांनी माझ्याकडे बघितलं. मग माझ्या हातातल्या कांद्याकडे. मी अजूनही तो फार जाड चिरत होतो.

"त्याच्याकडं केबिन हाय," ते म्हणाले. "तुज्याकडं तेंगो हाय, नि तोपण मीच दिलेला. बारीक काप."